कालवडीला नाव आहे, माणसाला नाही : लिंकनच्या घराण्याचे कागद आणि आपण

महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांच्या भिंतीवर एक पत्र टांगलेले असते. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र. आपणही ते पाठ केले, गॅदरिंगमध्ये म्हटले, टाळ्या घेतल्या. हे पत्र लिंकनने लिहिल्याचा एकही पुरावा नाही. त्याच्या संग्रहित लेखनात ते सापडत नाही. तरीही ते भिंतीवर आहे.

दुसरीकडे लिंकनच्या आईवडिलांच्या घराण्याचे अस्सल कागद आहेत. मृत्युपत्र आहे, लग्नाचा करारनामा आहे, जमिनीचे दाखले आहेत, कोर्टाच्या नोंदी आहेत. ते मात्र आपल्यापैकी कुणी वाचलेले नसतात. आमचे म्हणणे असे की हे कागद आंबेडकरी तरुणांनी वाचले पाहिजेत. लिंकन थोर होता म्हणून नव्हे. कागद कुणासाठी लिहिला जातो, त्यात कुणाला नाव मिळते, कुणाला नुसती किंमत मिळते आणि कुणाला काहीच मिळत नाही, हे या एका घराण्यात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचित कुठे दिसते.

जमीन आधी, माणूस नंतर

लिंकनच्या आजोबांचे नावही अब्राहम. लोक त्यांना कॅप्टन म्हणत. व्हर्जिनियातले बरे चाललेले घर. १७८० साली त्यांनी १६० पौंड भरून ४०० एकर जमिनीचा हक्कदाखला घेतला. ही जमीन केंटकीत होती. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच पश्चिमेचा भाग होता, स्वतंत्र राज्य झाले ते १७९२ मध्ये.

आता पहिला प्रश्न. ही जमीन व्हर्जिनियाने विकली, पण व्हर्जिनियाकडे आली कुठून? १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्स येथे इंग्रजांनी इरोक्वॉय संघाशी तह करून या प्रदेशावरचा हक्क लिहून घेतला. प्रत्यक्षात तिथे शिकार करणारे, त्या भूमीवर जगणारे शॉनी लोक होते. त्यांना कुणी विचारले नाही. म्हणजे ज्यांची जमीन त्यांची सही नाही आणि ज्यांची सही त्यांची ती जमीन नाही. कागद मात्र पक्का. सातबाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या झगडणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मे १७८६ मध्ये शेतात काम करताना आदिवासींच्या हल्ल्यात कॅप्टन लिंकन मारले गेले. थोरला मुलगा मॉर्डेकाय याने घरातून बंदूक आणून हल्लेखोराला टिपले असे घराण्यात सांगत आले. मारल्या गेलेल्या कॅप्टनच्या मालमत्तेची यादी कोर्टात झाली. घोडे, गायी, बंदुका, भांडीकुंडी, सगळ्यांची किंमत लावली गेली. मारणाऱ्याचे नाव मात्र त्या घराण्याच्या कागदात कुठे नाही. तो फक्त ‘इंडियन’.

कॅप्टनने मृत्युपत्र केले नव्हते. जुन्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाची. हा कायदा रद्द करून सगळ्या मुलांना समान वाटा देणारा नवा कायदा व्हर्जिनियाने १७८५ मध्येच मंजूर केला होता. पण तो लागू व्हायचा होता १ जानेवारी १७८७ पासून. बाप सात महिने आधी गेला. सारी जमीन मॉर्डेकायला मिळाली आणि धाकटा थॉमस, वय वर्षे आठ, मोलमजुरीला लागला. हाच थॉमस म्हणजे अध्यक्ष लिंकनचा बाप. शिकायला मिळाले नाही. स्वतःची सही कशीबशी करता येई, इतकेच.

‘लाकडाच्या खोपटात जन्मलेला गरीब मुलगा’ ही गोष्ट आपल्याला नशिबाची म्हणून सांगितली जाते. ते नशीब नव्हते. तो कायदा होता. गरिबी आभाळातून पडत नाही, ती कुठल्या तरी कलमातून येते. बाबासाहेबांचे सारे आयुष्य हे कलम शोधण्यात आणि बदलण्यात गेले.

जोसेफ हँक्सचे मृत्युपत्र

आता आईच्या बाजूला येऊ. लिंकनची आई नॅन्सी हँक्स. तिच्या जन्माचा कागद नाही, आईबापाची नोंद नाही. लिंकन मोठा झाला, मारला गेला, जगप्रसिद्ध झाला, आणि मग त्याच्या आईचे कूळ शोधायला लोक धावले.

केंटकीच्या नेल्सन काउंटीत त्यांना एक मृत्युपत्र सापडले. जोसेफ हँक्स नावाच्या शेतकऱ्याचे, जानेवारी १७९३ चे. पाच मुलगे, तीन मुली. प्रत्येक मुलाला एकेक घोडा, प्रत्येक मुलीला एकेक कालवड. जनावरे नावासकट लिहिली आहेत. एका घोड्याचे नाव मेजर. एलिझाबेथला मिळालेल्या कालवडीचे नाव जंटल, पॉलीच्या कालवडीचे लेडी, नॅन्सीच्या कालवडीचे पीडी. जमीन मात्र आईच्या पश्चात धाकट्या मुलाला, जोसेफला. मुलींच्या वाट्याला जमीन नाही.

‘नॅन्सी’ हे नाव दिसले आणि शोधणाऱ्यांना आनंद झाला. १८९९ मध्ये कॅरोलिन हँक्स हिचकॉक यांनी पुस्तक लिहून सांगितले की हीच लिंकनची आई. बाप सापडला, घर सापडले, सन्मानाचे कूळ सापडले.

पण ते चुकीचे होते. मृत्युपत्रातली नॅन्सी वेगळी, लिंकनच्या आईची मावशी. लिंकनची आई ही लूसी हँक्सची मुलगी, लग्नाआधी झालेली. लूसीचे नाव मृत्युपत्रात नाहीच. तीन लेकींच्या तीन कालवडींची नावे आहेत, चौथ्या लेकीचे नाव नाही. त्यामुळे लूसी ही मुळात जोसेफची मुलगी की सून, यावर इतिहासकार शंभर वर्षे भांडत राहिले. २०१५ मध्ये आईकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. या घराण्यातल्या स्त्रियांच्या आजच्या वंशजांत एकच दुर्मिळ खूण सापडली आणि ठरले की नॅन्सी लूसीचीच मुलगी आणि लूसी त्याच घरची लेक.

लूसीने स्वतः मागे काय ठेवले? विवाहबाह्य संबंधांबद्दल मर्सर काउंटीच्या ग्रँड ज्युरीने तिच्यावर ठेवलेला आरोप, आणि १७९० ची एक चिठ्ठी. हेन्री स्पॅरोशी लग्नाचा परवाना निघावा म्हणून तिने स्वतःच्या हाताने लिहून दिले की आपण वयात आलो आहोत आणि आपली संमती आहे. बापाने जिला कागदातून वगळले, समाजाने जिला आरोपीच्या यादीत घातले, ती स्वतः लिहू शकत होती म्हणून तिचा शब्द आज उरला आहे. आमच्या दृष्टीने या साऱ्या कागदांत सर्वांत मोलाचा कागद हाच. सावित्रीमाईच्या लेकींनी तो लक्षात ठेवावा.

असाच आणखी एक प्रकार. थॉमस आणि नॅन्सीच्या लग्नाची नोंद बरीच वर्षे सापडत नव्हती, कारण लोक ती हार्डिन काउंटीत शोधत होते. नोंद नाही म्हणजे लग्नच झाले नाही, अशी कुजबुज विरोधकांनी पसरवली. ती नोंद शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत पडून होती. १० जून १८०६ चा करारनामा आणि १२ जूनला लग्न लावल्याची पाद्र्याची नोंद. करारनाम्यावर नॅन्सीचा पालक म्हणून सही करणाऱ्याने ‘गार्डियन’ऐवजी ‘गार्डन’ लिहून ठेवले आहे. स्पेलिंग चुकले, पण एका बाईवरचा कलंक त्याच कागदाने पुसला. पुरावा सापडत नाही याचा अर्थ पुरावा नाही असा होत नाही. कधी कधी आपण चुकीच्या कपाटात शोधत असतो.

मोठ्या माणसाला मोठे कूळ हवेच का?

लिंकनने स्वतः आपले घराणे मोठे असल्याचा दावा केला नाही. आपले आईबाप साध्या, नाव नसलेल्या कुटुंबांतले होते असे त्याने लिहून ठेवले. पण भक्तांना ते पचले नाही. कर्तृत्ववान माणूस दिसला की त्याला कुलीन बाप चिकटवायचा, ही खोड फक्त अमेरिकेची नाही. आपल्याकडे कबीर विधवा ब्राह्मणीच्या पोटी जन्मले अशी कथा रचली गेली. संत रोहिदास मागच्या जन्मी ब्राह्मण होते असे सांगितले गेले. चांभाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला एवढी बुद्धी कशी, हा प्रश्न ज्यांना झोपू देत नाही त्यांनी मागचा जन्म शोधून काढला. तिकडे निदान मृत्युपत्र तरी दाखवावे लागले!

आणि ज्यांची किंमत लावली गेली ते

आतापर्यंत आपण गोऱ्या गरिबांचे कागद पाहिले. थॉमस लिंकन तीन वेळा केंटकीत जमिनीच्या मोजणीने आणि मालकी हक्काच्या भांडणाने नाडला गेला आणि १८१६ च्या अखेरीस इंडियानात निघून गेला. तिथे जमीन सरकारी मोजणीची होती आणि गुलामगिरीला बंदी होती. तो गरीब होता, पण तो माणूस म्हणून कागदावर होता. घेणारा म्हणून, देणारा म्हणून, वादी-प्रतिवादी म्हणून.

याच घराण्याच्या व्हर्जिनिया आणि टेनेसीतल्या शाखांकडे गुलाम होते. व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकवर लिंकनांचे जुने घर आणि कौटुंबिक दफनभूमी आहे. तिथे घराण्याच्या पाच पिढ्यांसोबत दोन गुलामही पुरलेले आहेत. एकीला ‘क्वीन’ म्हणत, दुसऱ्याला ‘अंकल नेड’. लिंकनांची आडनावे, सन, नातीगोती सगळे जुळते. या दोघांची आडनावे नाहीत, आईबाप नाहीत, मुले होती का त्याचा पत्ता नाही. एकीला राणी म्हणायचे आणि विकत ठेवायचे, ही मालकांची थट्टा आपल्याला अनोळखी नाही.

त्या काळातली दक्षिणेकडची मृत्युपत्रे उघडून बघा. घोडे, गायी, पिसांची गादी, आणि त्याच ओळीत बाई आणि तिची मुले. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच कायदा केला होता की आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप कुणीही असो. त्यामुळे मृत्युपत्रात बाईसोबत तिची ‘पुढची वाढ’ही वारसाला लिहून दिलेली असते. गायीच्या वासरांसाठी जो शब्द, तोच बाईच्या लेकरांसाठी.

१८५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेत पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्यात मालकाचे नाव आणि खाली ओळीने वय, लिंग, रंग. नाव नाही. १८६० मध्येही तेच. जोसेफ हँक्सच्या १७९३ च्या कागदात कालवडीला नाव आहे. ५७ वर्षांनंतरच्या सरकारी कागदात लाखो माणसांना नाव नाही. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना का केली, १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र का लिहिले, १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना का अर्पण केला, हे समजून घ्यायला हा एवढा तक्ता पुरे.

भिंत आणि तिला पाडलेली भोके

आज कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबे आपला इतिहास शोधतात तेव्हा १८७० च्या जनगणनेपर्यंत बहुधा पोचतात. पूर्वीच्या सगळ्या गुलामांची नावे आडनावासकट तिथे पहिल्यांदा येतात. त्याच्या मागे भिंत. मग ते काय करतात? रडत बसत नाहीत. शेवटचा मालक कोण होता हे शोधतात. मग त्या मालकाचे मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, वारसांतली वाटणी, विक्रीचा आणि गहाणाचा कागद. त्यात ‘मेरी, वय ३०, आणि तिचा मुलगा सॅम’ अशी एखादी ओळ दिसते. वय जुळवायचे, नाव जुळवायचे, ती कुठल्या वारसाकडे गेली हे पाहायचे आणि पुढच्या काउंटीत त्या वारसाचा माग काढायचा. ज्या कागदाने पणजीला विकले, त्याच कागदातून पणजी परत मिळवायची.

युद्धानंतर मुक्त झालेल्यांनी स्वतःचे कागदही तयार केले. ताटातूट झालेल्या आईबापांना, मुलांना शोधण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. मार्च १८६५ मध्ये लिंकनच्या सहीने मुक्त माणसांसाठी बचत बँक स्थापन झाली. खाते उघडताना अर्जात आईबापांची, भावंडांची, कधी जुन्या मालकाची नावे लिहून घेत. पुढे १८७४ मध्ये ती बँक बुडाली. गरिबांचे पैसे गेले. अर्ज मात्र उरले, आणि आज हजारो कुटुंबांना आपली माणसे त्या अर्जांतच सापडतात.

मग आपले काय?

काही मित्र म्हणतील, आपण जन्माचा अभिमान नाकारणारे लोक. वंशावळी धुंडाळणे हा सरंजामदारांचा उद्योग, तो आपण का करायचा? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की वंशाचा अभिमान वेगळा आणि वंशाचा पुरावा वेगळा. अभिमान आपल्याला नको आहे. पुरावा मात्र ही व्यवस्था रोज मागते.

अनुसूचित जातीच्या मुलाला वैधता प्रमाणपत्र हवे तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद आणा असे सांगितले जाते. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. जमीन नव्हतीच. मग कागद कुठला? आमच्या वस्तीतल्या मुलांबरोबर आम्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. एका मुलाच्या पणजोबांचे नाव अखेर कोतवाल बुकात सापडले. पुढे जात लिहिली होती. नाव ‘धोंड्या’. ‘धोंडिबा’ नाही, ‘धोंडीराम’ नाही. बापाचे नाव होते, आईचे नव्हते. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याच क्षणी त्याचा प्रवेश वाचला. आपण १९५६ मध्ये ज्या ओळखीचे जोखड झुगारले, तिचाच कागद आपल्या हक्कासाठी शोधावा लागतो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने सवलती मिळाल्या तरी मूळ जात सिद्ध करावीच लागते. मालकाच्या मृत्युपत्रात आपली पणजी शोधणारी अमेरिकेतली बाई आणि कोतवाल बुकात पणजोबा शोधणारा आपला पोरगा एकाच रांगेत उभे आहेत.

गावात कुणी मेले की परगावी सांगावा घेऊन आपला माणूस धावायचा. नोंद करणारी लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात असायची. आता लेखणी आपल्या हातात आहे आणि मोबाइलही. तेव्हा आमचे सांगणे थेट आहे.

एक. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि चार पिढ्यांची नावे लिहून घ्या. बायकांची नावे आधी लिहा, माहेरच्या गावासकट, कारण कागद त्यांनाच आधी विसरतो. जोसेफ हँक्सने लूसीला वगळले तसे आपण आपल्या आत्या-मावशांना वगळू नये.

दोन. कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, महार वतनाच्या नोंदी, जुने फेरफार, पलटणीचे, गिरणीचे, रेल्वेचे कागद, जे जे मिळेल त्याची नक्कल काढा. एका गावात नाही सापडले तर शेजारच्या गावात, आजीच्या माहेरी, जुन्या तालुक्यात शोधा. लिंकनच्या आईबापांचे लग्न शेजारच्या काउंटीत सापडले होते.

तीन. जुने बरेच दस्त मोडी लिपीत आहेत. प्रत्येक तालुक्यात आपले दोन-चार तरुण मोडी वाचणारे तयार झाले पाहिजेत. दुसऱ्याने वाचून सांगितलेल्या इतिहासावर किती दिवस जगायचे?

चार. वाचताना विचारा, हा कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, यात कोण नाही? जे नाही तेही लिहून ठेवा. आणि भिंतीवर टांगलेले प्रत्येक पत्र खरे मानू नका, मग ते कितीही गोड असो.

या वर्षावासात विहाराविहारांत ग्रंथाचे वाचन होईलच. त्यासोबत एक कोरी वही ठेवा आणि पहिल्या पानावर आपल्या आजीचे नाव लिहा. पूर्ण नाव.

जयभीम!